घाट चढणारा माड

नावडे फाट्यावरून कळंबोलीकडे निघाले की काही मिनिटांत पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचे तोंड लागते. पनवेलच्या आसपास रोपवाटिकेत घेतलेले नारळाचे रोप डिकीत आडवे टाकून याच रस्त्याने गावी न्यायचे, ही इथल्या घाटावरच्या कुटुंबांची साधी, प्रेमाची इच्छा असते. कुणाचे गाव निफाडकडे, कुणाचे जुन्नरकडे, कुणाचे माण-खटावात. नावड्यात सोसायटीच्या फाटकाशी पाम खांबासारखे सरळ वाढलेले दिसतात, कुंपणाशी लावलेला नारळ पाच-सहा वर्षांत पोय टाकतो, आणि मनात येते की पाणी दिले तर हे झाड गावच्या मळ्यातही येईल. माझा आक्षेप या इच्छेला नाही, या अनुमानाला आहे. नावड्याचा हिवाळा माडाची परीक्षाच घेत नाही, त्यामुळे इथे वाढलेल्या झाडावरून घाटावरच्या झाडाविषयी काहीच कळत नाही. शिवाय माड थंडीचा हिशेब फार उशिरा मांडतो. आंब्याच्या मोहोरावर थंडी-धुक्याचा परिणाम त्याच हंगामात डोळ्यांना दिसतो. माडाला बसलेला मार दिसेपर्यंत दोन-अडीच वर्षे गेलेली असतात, आणि तोवर लावणारा माणूस दहा जणांना ‘आमच्याकडे नारळ छान येतो’ असे सांगून मोकळा झालेला असतो.

पहिले वर्ष तर हमखास फसवे. नारळ रुजला की आत स्पंजासारखा गोडसर गोळा तयार होतो. कोकणात मुले तो फोडून आवडीने खातात. हा गोळा म्हणजे रोपाचे तोंड. तो आतले खोबरे विरघळवून शोषतो आणि त्या शिदोरीवर रोप साधारण वर्षभर, कधी त्याहून थोडे अधिक काळ निभावून नेते. मातीतून काय मिळते, मुळे किती चालतात, याची खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. परदेशात, लंडन किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, कलशावरचा नारळ रुजला म्हणून कौतुकाने कुंडीत लावला जातो. हीटरच्या उबेत तो तीन-चार पाने टाकतो आणि पुढच्या हिवाळ्यात फिका पडत जातो. त्याला कुणाची दृष्ट लागलेली नसते. शिदोरी संपलेली असते. घाटावरच्या मळ्यातही हेच घडते, फक्त अधिक सावकाश. म्हणून ‘पहिली थंडी काढली, आता झाड आपले’ हे वाक्य माडाच्या बाबतीत पुरावा म्हणून धरू नये.

पुढचा टप्पा तर आणखी लपलेला. माडाच्या प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय येते, आणि त्या पोयीची सुरुवात ती उघडण्याच्या सुमारे ३२ महिने आधी शेंड्याच्या आत झालेली असते. त्यात पुढे मादी फुले धरणार की नाही, हेही पोय बाहेर दिसण्याच्या कित्येक महिने आधी आतल्या आत ठरते. म्हणजे यंदाच्या पौषातल्या थंडीने जे बिघडवले, ते यंदाच्या झाडावर शोधून सापडणार नाही. दोन-अडीच वर्षांनी एखादी पोय मुकी येते, मादी फुले मोजकीच दिसतात, कोवळी फळे गळतात, किंवा नारळ आकाराने ठीक असून आत पोकळ, वांझ निघतो. तेव्हा शेतकरी खताला दोष देतो, पाण्याला देतो, रोप विकणाऱ्याला देतो. थंडीचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही, कारण थंडी विसरून जाण्याइतका काळ लोटलेला असतो.

हे असे का होते, ते माडाच्या अंगबांध्यात आहे. आंबा, चिंच, वड यांच्या सालीखाली वाढीचा एक जिवंत थर असतो. फांदी जळाली तर बाजूने फुटवा येतो, खोडाची जखम भरून निघते. पाम कुळातल्या झाडांत हा थर नसतो. माडाचे सगळे भवितव्य शेंड्यातल्या एकाच कोंबात साठवलेले असते. तो मेला की साठ फुटांचे खोड उभे असले तरी झाड मेलेलेच. खोडाला पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. इतक्या जपून ठेवलेल्या कोंबाला थंडी एका रात्रीत मारते, असे आपल्याकडे क्वचितच होते. थंडी आधी मुळांचे काम मंदावते, मग कोंबाची वाढ अडखळते, अर्धवट उमललेल्या पाल्यात दव साचते आणि त्या ओलीत बुरशी शिरते. मारणारी बुरशी दिसते, तिला दार उघडून देणारी थंडी दिसत नाही.

म्हणूनच पारा किती खाली गेला एवढ्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. माडाला सरासरी सुमारे २७ अंश तापमान आणि दिवस-रात्रीत पाच ते सात अंशांचाच फरक मानवतो. समुद्रकाठी हे आपोआप जमते, कारण दिवसभर तापलेले पाणी रात्री हवा उबदार ठेवते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, ते अगदी खाडी आणि समुद्राच्या संगतीत. ती जागाच माडाची आवड सांगते. उलट घाटमाथ्यापलीकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे आठ-नऊ, म्हणजे वीस अंशांची दरी, आणि ती एखाद्या रात्री नव्हे, कित्येक आठवडे ओळीने. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढ्याने मुंबई-वसईच्या वाड्यांतले माड संपले नाहीत, कारण तो अपवाद होता आणि पाठोपाठ पुन्हा ऊब आली. निफाडचे तसे नाही. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली गेला, आणि पाच-सहा अंशांच्या पहाटा तिथल्या द्राक्षबागायतदारांना नव्या नाहीत. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, अशा शिवारात माड काय सोसत असेल याची कल्पना त्या शेकोट्यांवरूनच करावी.

यावर पहिला प्रश्न येतो तो रास्त आहे. कर्नाटकात तिपटूर, अरसिकेरे हा भाग समुद्रापासून दूर, आठशे मीटरच्या वर उंच, तरीही तिथे नारळाच्या बागा आणि खोबऱ्याची मोठी बाजारपेठ आहे. मग निफाड तर साडेपाचशे मीटरच्या आसपासच. उत्तर उंचीत नसून अक्षांशात आहे. तिपटूर तेराव्या अक्षांशाजवळ, निफाड विसाव्या. उत्तरेतून येणारी थंड, कोरडी हवा नाशिकपर्यंत सहज पोहोचते; दक्षिण कर्नाटकात तिचा जोर सरलेला असतो आणि रात्री एवढ्या उतरत नाहीत. कोल्हापूर, सांगली, पुणे शहर इथेही नारळाला फळे लागलेली दिसतात, हे मी नाकारत नाही. शहरात भिंती, डांबर, काँक्रीट रात्री ऊब सोडतात, आणि दारातल्या एका झाडाला मोरीचे पाणी बारमाही मिळते. पण घरापुरते पाच-पन्नास नारळ मिळणे आणि बागेचे अर्थकारण जमणे यांत फार अंतर आहे. परसात एक झाड लावणाऱ्याला मी अडवणार नाही. एकरभर लावणाऱ्याने मात्र आपल्याच तालुक्यातल्या, वस्तीपासून दूर, उघड्या शिवारातल्या दहा वर्षांहून जुन्या झाडाला वर्षाला किती नारळ लागतात ते आधी मोजून यावे. शहरातले झाड आणि रोपवाटिकेतले चित्र, दोन्ही या कामी निरुपयोगी.

दुसरा आक्षेप असा की विलायतेत बर्फ पडतो तिथेही पाम वाढतात. खरे आहे, पण ‘पाम’ हे एका झाडाचे नाव नव्हे. या कुळात अडीच हजारांवर जाती आहेत. इंग्लंडातल्या बागांत दिसतो तो पंख्यासारख्या पानांचा, खोडावर काथ्या गुंडाळल्यासारखा दिसणारा चिनी पाम. रॉबर्ट फॉर्च्युनने १८४९ च्या सुमारास तो चीनमधून तिकडे पाठवला, आणि तो शून्याखाली दहा-बारा अंशही सोसतो. तिथल्या समुद्रकाठच्या गावांत ज्याला पाम म्हणून मिरवतात ते पुष्कळदा न्यूझीलंडचे कॉर्डिलाइन असते, ते पाम कुळातले नव्हेच. आपल्या देशातही बर्फ झेलणारा पाम आहे: कुमाऊँत पिथोरागडच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच डोंगरांवर वाढणारा ट्रॅकीकार्पस टाकिल, बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पण या काटक भावंडांच्या जोरावर नारळाची हमी देता येत नाही, आणि सोसायटीच्या फाटकावरच्या पामांचीही नाही. आपल्याकडे बॉटल पाम म्हणून विकला जातो तो बहुतेकदा क्यूबाकडचा रॉयल पाम असतो. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा, आणि थंडीच्या बाबतीत नारळाइतकाच हळवा. नाव विचारून रोप घेणे म्हणूनच महत्त्वाचे. दख्खनला हवा असलेला पाम दख्खनमध्येच आहे. ओढ्याकाठची शिंदी कडाक्याची थंडी आणि चैत्र-वैशाखाचा वणवा दोन्ही पचवते. तिची झावळी नारळापेक्षा राकट, बुडाशी काटेरी, पण बांधावर ओळीने उभी राहिली की तिचा डौल कुणापेक्षा कमी नाही. आपण तिला नीरेशी, ताडीशी आणि केरसुणीशी जोडून टाकले आणि बागेतून वगळले, याचे मला खरोखर वाईट वाटते.

एवढे ऐकूनही ज्यांना नारळच हवा, त्यांच्यासाठी काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. ठेंगण्या जाती लवकर धरतात म्हणून भुरळ घालतात, पण ताण सोसायला उंच जातच बरी. घाटावर बाणवली घ्यावी, सिंगापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या ठेंगण्या रोपाचा मोह टाळावा. लागवड जूनमध्ये, पहिल्या पावसावर. दिवाळीत सुट्टी मिळते म्हणून तेव्हा रोप नेणे ही सर्वांत मोठी चूक, कारण मुळे पसरण्याआधीच माती गार पडते आणि मुळांची वाढ जवळजवळ थांबते. जागा निवडताना सखल खोलगट टाळावी. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खोलगटात साचते. महाबळेश्वरला बाजारपेठेत थंडी सुसह्य असते त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात, ते याचमुळे. विहिरीजवळची ओल सोयीची म्हणून मळ्याच्या तळाशी झाड लावायचा आपला रिवाज आहे; तो इथे मोडावा आणि घराच्या दक्षिणेची किंवा पश्चिमेची, दिवसभर ऊन खाणारी भिंत शोधावी. कोकणच्या सवयीने खड्ड्यात मीठ घालण्याचा सल्ला कुणी दिला तर काळ्या जमिनीत तो मुळीच ऐकू नये. माडाला क्लोरिन लागते हे खरे, पण मिठातले सोडियम काळ्या मातीची घडी बिघडवते. म्युरेट ऑफ पोटॅशमधून क्लोरिन मिळते आणि थंडी सोसायला लागणारे पालाशही. ते पावसाळ्याअखेर द्यावे, आणि नत्र तेव्हा हात राखून, म्हणजे थंडीच्या तोंडावर कोवळा पाला फुटणार नाही. पहिली तीन वर्षे उसाचे पाचट बुडाशी टाकावे, तट्ट्याचा किंवा झापांचा आडोसा उत्तरेच्या बाजूने उभारावा, आणि थंडीची लाट येणार असे कळले की आदल्या दिवशी पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब रात्रीपर्यंत राखते. पुढे झाड डोक्यावर गेले की आडोसा पुरत नाही. तेव्हा त्याला वाचवते ती फक्त निवडलेली जागा.

थंडीनंतर झावळ्या तांबूस पडल्या की कोयता घेऊन धावू नये. अर्धी हिरवी झावळी अजून झाडाला अन्न देत असते आणि जुन्या पानातले पालाश नव्या पानाकडे जात असते. आधी मधला मिटलेला कोंब दोन बोटांत धरून हलके ओढून पाहावा. घट्ट असेल तर उन्हाळ्यापर्यंत वाट पाहावी. हातात निघून आला आणि बुडाशी सडका वास आला, तर कुजलेला भाग निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत तासून तिथे बोर्डो मलम लावावे, आणि आसपासच्या झाडांच्या शेंड्यांवर एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण फवारावे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आणि झाड खरेच घाटावर रमले आहे का, हे जाणून घ्यायला एक सुतळी पुरते. दिवाळीत गावी गेल्यावर सर्वांत नव्या उघडलेल्या झावळीच्या देठाला ती बांधावी आणि पुढच्या दिवाळीला तिच्या वर किती झावळ्या आल्या ते मोजावे. मोठा, निरोगी माड वर्षाला बारा ते चौदा टाकतो. सात-आठच भरल्या, तर पोयीही सात-आठच्या पुढे जाणार नाहीत, मग खत कितीही टाका.