हिवाळ्यातील हिरवा चारा

हस्ताचा पाऊस सरला म्हणजे माळावरील गवत पिवळे पडू लागते. ज्या घरातील लेकरांचे दूध एकदोन शेळ्यांवर अवलंबून असते, त्या घरास तेव्हापासून चाऱ्याची विवंचना लागते. परसातील थोड्या जागेत ती बरीचशी कशी दूर करता येईल, याचा येथे आपण विचार करू.

आमच्या पठारी मुलखात यासाठी लसूणघास हे पीक उत्तम होय. बरसीमही चांगले; परंतु उन्हाळा येताच ते संपते. लसूणघास मात्र पाणी मिळाल्यास तीन वर्षे टिकतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर त्याची पेरणी करावी. एका गुंठ्यास पाव किलो बी पुरते. ते फार बारीक असल्याने अर्ध्या इंचाहून खोल जाऊ देऊ नये. भाजी धुतलेले पाणी या पिकास चालते. साबणाचे पाणी जमिनीस बाधते. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, यास्तव नत्रयुक्त खत फारसे लागत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आता थोडे गणित करू. पहिली कापणी सुमारे ५५ दिवसांनी येते. पुढे २५ ते ३० दिवसांत घास पुन्हा वाढतो. म्हणून वाफ्यांचे चार भाग करून दर आठवड्यास एक भाग कापावा. चौथा संपेतो २८ दिवस होतात व पहिला पुन्हा तयार असतो. निगा चांगली असेल, तर एका कापणीस दर चौरस मीटरला सुमारे एक किलो चारा मिळतो. गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. अर्थात रोज साडेतीन किलो. दोन शेळ्यांच्या वाट्यास प्रत्येकी पावणेदोन किलो येईल. उरलेली भूक कडब्याने व झाडपाल्याने भागवावी.

येथे एक धोका ध्यानी ठेवावा. दवाने भिजलेला कोवळा घास उपाशी जनावराने भराभर खाल्ला, तर पोटात वायूचा फेस होतो. तो ढेकरेवाटे बाहेर पडत नाही. डावी कूस फुगते, श्वास कोंडतो आणि थोड्या तासांत जनावर दगावू शकते. असे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. परंतु उपायापेक्षा खबरदारी बरी: आधी सुका चारा द्यावा, घास कापून काही वेळ सुकवावा, मगच थोडाथोडा घालावा.

कोंबड्यांनाही हिरवा पाला हितकर आहे. मेथी, कोबीची बाहेरील पाने व लसूणघास बारीक चिरून द्यावा. त्यातील रंगद्रव्यांनी अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. पालक बेताने द्यावा, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल अंड्याच्या कवचास लागणारा चुना अडवून धरते. पाला हे दाण्याचे पूरक अन्न आहे; तो दाण्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या जनावरांच्या जिवाची काळजी वाहणे हे नीतिमानाचे लक्षण आहे, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. पालकांनी वाफ्याचे पाणी व गव्हाणीचे काम मुलांवर सोपवावे. आणि मुलांनी शाळेस निघण्यापूर्वी गव्हाणीत आधी कडबा पडला की नाही, हे रोज स्वतः पाहावे.