इंजिनाच्या तेलाचा दाटपणा कसा अजमावावा

पाण्याच्या डिझेल इंजिनात घालावयाचे वंगणाचे तेल दाट की पातळ, हे शेतकरी बंधू बहुधा बोटांत चोळून ठरवितात. परंतु बोटास लागते ते थंड तेल. बेअरिंगात असते ते तापलेले.

तेलाच्या माहितीपत्रकात त्याचा दाटपणा ४० व १०० अंश सेंटिग्रेडला दिलेला असतो. ४० नंबरच्या साध्या तेलाचा तो सुमारे १४५ व १४.५ सेंटिस्टोक असतो. मधोमध, म्हणजे ७० अंशांस, तो सरासरीने ८० असावा असे वाटेल. प्रत्यक्षात ३७ च्या आसपासच भरतो. कारण तेल तापताना प्रथम झपाट्याने व पुढे सावकाश पातळ होते. म्हणून हे दोन आकडे तेलासाठी मुद्दाम आखलेल्या लॉगरिदमच्या कागदावर मांडून सरळ रेषेने जोडावे. मधला कोणताही आकडा तेथे वाचता येतो. रेषा थंडीकडे वाढविल्यास १० अंशांस आकडा हजाराच्या वर जातो. गव्हास पहाटे पाणी देताना हँडल जड लागते ते यामुळेच. अशा वेळी इंजिन काही मिनिटे भाराविना चालवावे. रेषा मात्र फार लांबवू नये. कडक थंडीत तेलातील मेण गोठू लागते.

मिश्रणासही सरासरी लागू पडत नाही. तेलात शेकडा १० डिझेल झिरपले, तर ४० अंशांवरील दाटपणा जवळजवळ निम्म्यावर येतो आणि बेअरिंग जळण्याचा धोका उत्पन्न होतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे आवर्जून पाहावे. तेल न घालता पातळी वाढली व त्यास डिझेलचा वास आला, तर इंजिन तत्काळ थांबवावे, गळती शोधून बंद करावी आणि नंतरच नवे तेल भरावे.