कायद्याच्या वहीत नोंदलेली माणसे

या स्मरणिकेसाठी काही अभ्यासाचे लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, तत्त्वज्ञान बी. ए. ला शिकलो तेवढेच. तरीही एका इटालियन विचारवंताचे पुस्तक हाती आले आणि ते वाचताना आम्हांला रोम नव्हे, तर बारामती-इंदापूरच्या गावांबाहेरची पारध्यांची पाले आठवत राहिली. म्हणून हा लेखप्रपंच.

जॉर्जो आगांबेन यांचा ‘होमो साकेर’ हा ग्रंथ 1995 साली प्रसिद्ध झाला. प्राचीन रोमन कायद्यात एक विचित्र माणूस आढळतो. त्याला कोणी ठार केले तरी तो खून ठरत नसे. मात्र देवापुढे त्याचा बळी देता येत नसे. म्हणजे तो माणसांच्या कायद्यातही नाही आणि देवाच्या कायद्यातही नाही. आगांबेन म्हणतात, सत्ता कोणाची, तर कायदा कधी थांबवायचा हे जो ठरवतो त्याची. कायदा थांबला की माणसाजवळ फक्त जीव उरतो, हक्क उरत नाहीत. त्यांच्या आधी मिशेल फुको यांनी सत्ता हजेरीतून, नोंदवहीतून, पहाऱ्यातून कशी चालते ते दाखवले होते. हॅना आरेंट यांनी तर 1951 सालीच विचारले होते की, ज्याला कुठलेच राज्य आपला मानत नाही, त्याने मानवी हक्क मागायचे कोणाकडे?

विद्यार्थ्यांनी आता आपल्याकडे पाहावे. ब्रिटिश सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही, असे त्या कायद्यातच लिहिलेले होते! आरोप नाही, साक्ष नाही, वकील नाही. जन्म हाच पुरावा. 1897 च्या दुरुस्तीने 4 ते 18 वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढण्याची सोय झाली. 1911 च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही आली. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल.

येथे आमचे आगांबेन यांच्याशी थोडे भांडण आहे. त्यांच्या मांडणीत कायदा थांबतो आणि मग माणूस उघडा पडतो. आपल्याकडे कायदा थांबला नव्हता. तो छापलेला होता, कलमवार होता, रजिस्टरात सुवाच्य अक्षरात चालू होता. हक्क गेले ते कागद नसल्यामुळे नव्हे, कागद झाल्यामुळे. शिवाय जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय या भूमीला आधीपासून होती; इंग्रजांनी तिला शिक्का दिला. बाबासाहेबांनी 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांचा एकत्र उल्लेख केला, तो उगीच नव्हे.

हा कायदा देशभर रद्द झाला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. पण मुंबई राज्यात 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीऐवजी व्यक्ती आली एवढाच फरक. पोलिसांची नजर त्याच पालांवर राहिली. जून 1998 मध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. आमच्या खोलीवर त्याची चर्चा झाली ती अशी : “काहीतरी केलं असेल त्यानं.” असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. दिलीप डिसूझा यांचे विमुक्तांवरील 2001 चे पुस्तक पुढे वाचले, तेव्हा त्या वाक्याची लाज वाटली.

त्या वेळी कायदा नव्हता काय? होता. अटक केलेल्यास 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, हे संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी 11 सूचना दिल्या होत्या : अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा, नातेवाइकांना कळवावे, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करावी. विद्यार्थ्यांनी या सूचना पाठ कराव्यात, परीक्षेत येवोत न येवोत.

काही वर्षांपूर्वी आमच्या काउंटरवर एक पारधी बाई खाते उघडायला आली होती. गायरानात राहणारी; रेशनकार्ड नाही, वीजबिल नाही. आम्ही “पत्त्याचा पुरावा आणा बाई” म्हणून तिला परत पाठवले. कागदांवाचून मर्यादित व्यवहाराचे छोटे खाते उघडता येते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याही वेळी होता. परिपत्रक आमच्याच टेबलाच्या खणात होते. पुढच्या सोमवारी आम्ही ते काढून वाचले, पण बाई पुन्हा आल्या नाहीत. इंदापूर रस्त्याला त्यांची पाले होती, तिथे आम्ही फॉर्म घेऊन गेलो तेव्हा चुलीचे तीन दगड तेवढे होते.