आज्ञावलीच्या घटकांची एकत्रित चाचणी

संगणकाची मोठी आज्ञावली आता सहसा एकसंध लिहिली जात नाही. तिचे लहान लहान घटक पाडले जातात, ते निरनिराळ्या हातांनी तयार होतात आणि अखेरीस एका चौकटीत बसवून चालविले जातात. या चौकटीस संगणकशास्त्रात 'कंटेनर' म्हणतात. घटक सुरू करणे, थांबविणे, त्यास लागणारा दुसरा घटक शोधून देणे आणि ज्याच्याशी त्याचा संबंध नाही ते त्याच्या दृष्टीआड ठेवणे, ही कंटेनरची कामे होत. जावा या संगणक-भाषेतील आज्ञावलींसाठी अशा चौकटीचे नियम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ओ.एस.जी.आय. या संघटनेने घालून दिले. प्रत्येक घटक एकेकटा तपासून निर्दोष ठरला तरी सर्व मिळून कंटेनरमध्ये नीट चालतील काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय तांत्रिक असला तरी त्याचा संबंध थेट शिधापत्रिकेशी पोहोचतो. आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. दोन्ही काठांवर मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. कामासाठी नदी ओलांडणाऱ्यास शिधा मात्र पूर्वी गावच्या दुकानातूनच उचलावा लागे. 'एक राष्ट्र, एक शिधापत्रिका' ही योजना त्यावरील उपाय होय. ९ ऑगस्ट २०१९ रोजी तिचा आंतरराज्य आरंभ दोन जोड्यांत झाला : तेलंगणा व आंध्र प्रदेश ही एक, महाराष्ट्र व गुजरात ही दुसरी. म्हणजे पैनगंगेचे दोन काठ त्या वेळी दोन निराळ्या जोड्यांत होते! १ जानेवारी २०२० पासून ही राज्ये इतर काही राज्यांसह एकाच जाळ्यात आली आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश त्यात समाविष्ट झाले.

आता दुकानातील ई-पॉस यंत्रावर लाभार्थी बोट ठेवतो तेव्हा काय घडते ते पाहू. बोटाचा ठसा आधार-प्रमाणीकरणाकडे जातो. शिधापत्रिकेचा क्रमांक मध्यवर्ती यंत्रणेमार्फत मूळ राज्याच्या नोंदींशी ताडला जातो. या महिन्याचा किती हक्क शिल्लक आहे याचे उत्तर येते, दुकानाच्या साठ्यातून तेवढे धान्य वजा होते आणि उचल झाल्याची नोंद परत जाते. काटेकोर अर्थाने हे सर्व घटक एकाच कंटेनरमध्ये नसतात. काही यंत्रात, तर काही दूरच्या संगणकांत असतात. तत्त्व मात्र तेच. यातील प्रत्येक घटक आपापल्या कार्यालयात उत्तम चालू शकेल आणि तरीही दुकानात उभ्या असलेल्या मजुराची पिशवी रिकामी राहू शकेल.

याचे कारण असे की घटकांमधील दोष बहुधा त्यांच्या पोटात नसतात, सांध्यात असतात. तेलंगणात राज्य शासन स्वतःची भर घालून दरडोई ६ किलो तांदूळ देत आले आहे. परराज्यात मात्र राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार असलेला ५ किलोंचा हक्कच चालतो. एका घटकाने ६ हा आकडा पाठविला आणि दुसऱ्याने ५ ही मर्यादा मानली, तर दोघेही आपल्या जागी बरोबरच असतात. भावाचेही तसेच. २०२० मध्ये केंद्रीय दर तांदळास किलोला ३ रुपये व गव्हास २ रुपये होता. १ जानेवारी २०२३ पासून धान्य विनामूल्य झाले. 'भाव शून्य असेल तर नोंद अपुरी समजावी' असे एखाद्या घटकात लिहिलेले असेल, तर त्या दिवसापर्यंत ते कोणाच्याही लक्षात येण्याचे कारण नाही.

या दुर्लक्षाचे जगप्रसिद्ध उदाहरण एरियन-५ या युरोपीय अग्निबाणाचे आहे. ४ जून १९९६ रोजी तो पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याची दिशादर्शक आज्ञावली एरियन-४ वर उत्तम चाललेली होती. नव्या अग्निबाणाचा क्षितिजसमांतर वेग अधिक होता आणि तो आकडा तिच्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही. चौकशीत असे आढळले की संपूर्ण यंत्रणेच्या चाचण्यांत खऱ्या दिशादर्शक घटकाच्या जागी त्याची नक्कल बसविलेली होती. नक्कल अर्थातच चुकली नाही.

नक्कल वापरणे हा गुन्हा नव्हे. घटक एकटा तपासताना शेजारच्या घटकांऐवजी नकली घटक ठेवावेच लागतात. त्याने काम जलद होते व दोष नेमका सापडतो. परंतु नकली घटक हा लिहिणाऱ्याच्या समजुतीचा आरसा असतो. समजूत चुकीची असेल तर चाचणीही त्या चुकीस होकार देते. म्हणून दुसरी पायरी लागते : खरा कंटेनर सुरू करावा, खरे घटक त्यात बसवावेत आणि चाचणी स्वतःच एक घटक बनवून आत पाठवावी. ओ.एस.जी.आय. साठी असलेले 'पॅक्स एक्झाम' हे साधन नेमके हेच करते. आत गेलेल्या चाचणीस तेवढेच दिसते जेवढे इतर घटकांना दिसते. हवा असलेला घटक हजर आहे पण त्याची आवृत्ती जुनी आहे, किंवा तो बाहेर खुला केलेलाच नाही, असे दोष बाहेरून कधीच कळत नाहीत.

आत गेल्यावर काय तपासावे? घटक उलट्या क्रमाने सुरू करून पाहावेत, कारण वीज जाऊन आल्यावर क्रम आपल्या हाती राहत नाही. एक घटक चालू असताना काढून त्याची नवी आवृत्ती बसवावी आणि बाकीचे जुन्यालाच धरून बसतात काय ते पाहावे. अशा चाचण्यांना वेळ लागतो, कंटेनर दर वेळी नव्याने उभा करावा लागतो, आणि वेळापत्रक आवळले की प्रथम याच वगळल्या जातात. हे खेदजनक असले तरी सर्वत्र आढळते.

शिधावाटपासारख्या व्यवस्थेत आणखी एक चाचणी अत्यावश्यक मानावी. योजनेनुसार कुटुंबातील स्थलांतरित व्यक्तीस आपल्या वाट्याचे धान्य कामाच्या ठिकाणी आणि उरलेल्यांना आपले गावी उचलता येते. समजा, नदीपलीकडे बोट ठेवले, हक्क वजा झाला आणि पावती निघण्यापूर्वीच जोडणी तुटली. धान्य हाती पडले नाही, पण मूळ गावी मात्र ते उचललेले दिसते. चाचणीत हाच क्षण मुद्दाम निर्माण करावा. नोंद अर्धवट असताना जोडणी तोडावी, पुन्हा जोडावी आणि दोन्ही गावांच्या दुकानांत शिल्लक किती दिसते ते मोजावे.