पॅनेलची मागची बाजू आधी

अगं मनू, होडीचं आकडे दाखवणारं पॅनेल घरीच बनवणार म्हणालीस, फार बरं वाटलं. पण पडदा कुठला घेऊ, आकडे केवढे दिसतील, हे सगळं नंतर बघ. आधी मागच्या वायरी. खारी हवा पुढून नाही, मागूनच शिरते.

घरातली साधी तांब्याची वायर होडीत आतल्या आत काळी पडते, आणि वरचं आवरण शाबूत असल्यामुळे कळतही नाही. कथील चढवलेल्या बारीक तारांचीच वायर घे, महाग पडली तरी. टोकाला लग दाबून बसव, नुसत्या सोल्डरिंगवर विसंबू नकोस. सोल्डर केलेली वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी सोल्डरच्या कडेला तुटते. पॅनेलमध्ये शिरण्याआधी प्रत्येक वायरीला खाली झोल दे, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून, वीतभरही लांब नको. तो पडद्यासाठी नसतो गं, वायरीसाठी असतो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण शॉर्ट झालं की तीच बॅटरी वायर पेटवते, आणि होडीत आगीपासून पळून जाणार कुठे? बाकी काही नाही ऐकलंस तरी एवढं ऐक.

दाखवायचं काय? माझं मत विचारशील तर खोली आणि बॅटरीचा व्होल्टेज. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला सहा तासांत पाणी चार मीटरहूनही जास्त उतरतं. सकाळी जिथून गेलीस तिथे दुपारी चिखल. खोली मोजणारा सेन्सर मात्र तयार घे. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या तळाचा प्रतिध्वनी चार मिलिसेकंदांत परत येतो. तो टिपायची कटकट तू कशाला घेतेस? एनएमईए 0183 पद्धतीने आकडे देणारा सेन्सर घेतलास की 4800 बॉडवर पॅनेलमधली ईएसपी32 चिप ते सहज वाचते. मध्ये ऑप्टोकपलर हवाच, नाहीतर चिप जळायची भीती. आणि आकडा सेन्सरपासूनचा असतो. तो होडीच्या तळापासूनचा हवा तर मधलं अंतर प्रोग्राममध्ये वजा कर.

लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीला असताना 12.7 व्होल्ट दिसले तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी संपली.

होकायंत्रापासून पॅनेल लांब ठेव, जाणाऱ्या-येणाऱ्या वायरी एकमेकींना पीळ देऊन ने. मग पॅनेल चालू-बंद करून बघ, सुई हलता कामा नये. पोलराइज्ड गॉगल लावत असशील तर पडदा विकत घेण्याआधी त्यातून बघ. काही पडदे आडवे धरले की पार काळे दिसतात.

सगळं पडद्यावर सोपवू नकोस, खोली मोजायला शिसं बांधलेली, खुणांची दोरीही होडीत असू दे. एकट्याने शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसवर वाट काढायला मनाई असते, तरी 2023 मध्ये आपले अभिलाष टॉमी त्यात दुसरे आले. पहिल्या दिवशी धक्क्यालाच दोरी सोडून पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघ.

आणि लग दाबायची पक्कड नवी घेऊ नकोस, माझी रॅचेटवाली आहे, रविवारी येऊन घेऊन जा.