ॲक्सल बदलायला निघालास, तर

बाळा, ट्रेलर ओढायचा म्हणून जुन्या चौकोनी शेवरोलेला, त्या के-१० ला, एक टनी के-३० चे ॲक्सल घालायचे ठरवलंस, ते बरं केलंस. आता इंजिनाचा विषय थोडे दिवस बाजूला ठेव.

भंगार यार्डात 'चौदा बोल्टवाला' म्हणून मागचा ॲक्सल दाखवतील. डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजलेस एवढ्यावर पैसे देऊ नकोस. चौदा बोल्टचे दोन प्रकार आहेत. साडेनऊ इंची क्राऊनचा सेमी-फ्लोटिंग तुझ्या कामाचा नाही, तुला साडेदहा इंची फुल-फ्लोटिंग हवा. ओळख सोपी आहे: चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेला असतो आणि त्याच्या तोंडावर हाफ शाफ्टचे बोल्ट दिसतात. त्यात गाडीचा भार हबमधल्या दोन बेअरिंगांवरून थेट हाउसिंगवर जातो, शाफ्टकडे फक्त चाक फिरवायचं काम. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. तुझ्या आताच्या दहा बोल्टवाल्यात चाक शाफ्टलाच जोडलेलं आहे आणि तो शाफ्ट आत एका छोट्या सी-क्लिपवर अडकलाय. बेअरिंगबाहेर तुटला, की चाक ड्रमसकट निघून जातं. हा सगळा खर्च त्यासाठी आहे रे, नुसत्या जाडीसाठी नाही.

पुढचा डॅना ६० घेशील तेव्हा दोन्हीकडचे क्राऊन-पिनियनचे दात स्वतः मोज. ४१ला १० असतील तर दोन्हीकडे तेच हवेत. फरक राहिला, की फोर-व्हील लावून कोरड्या रस्त्यावर जाताच ट्रान्सफर केसवर ताण येतो.

आता ब्रेक. इथे घाई केलीस तर मी गाडीत बसणार नाही. मोठ्या कॅलिपरला तेल जास्त लागतं. के-१० चा मास्टर सिलिंडर ठेवलास तर पेडल खोल जाईल. म्हणून के-३० चा मोठ्या बोअरचा घे. पण बोअर वाढला, की पायाच्या तेवढ्याच जोरात दाब कमी मिळतो, त्यामुळे बूस्टरही त्याच्याच जोडीचा हवा. मागचे तेरा इंची ड्रम काढून डिस्क घालायचा मोह होईल. माझं ऐक, ड्रम राहू दे. डिस्क बसवताना हँडब्रेकची वेगळी सोय करावी लागते, ती लोक 'नंतर करू' म्हणून सोडून देतात आणि उतारावर गाडी ट्रेलरसकट घरंगळते. हबचे ऑइल सील मात्र नवे टाक. सील गळलं, की गिअर ऑइल लायनरवर उतरतं आणि ब्रेक धरतच नाही. रबरी होजही सगळे बदल. बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगलेले असतात, दाब अडकून चाक जाम राहतं. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात कर.

चाकं सहाऐवजी आठ नटांची होतील, रिम सोळा इंची घे. अडॅप्टर लावून जुनी रिम वापरायची नाही, मला ते मुळीच पटत नाही. हाउसिंगची नळी जाड आहे, तेव्हा पाट्यांचे यू-बोल्ट नवेच लागतील. शंभरेक मैल चालवून परत आवळ. प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच माप, जॅकवर टांगलेली असताना नको.

आणि दारावरच्या पट्टीवर लिहिलेला भार ॲक्सल बदलल्याने वाढत नाही. चेसिस के-१० चीच आहे. ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक हवेत.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची, मोकळ्या रस्त्यावर. आठ-दहा मैलांनी थांब, चारही हबांजवळ हात नेऊन बघ. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर ट्रेलर जोडू नकोस, आधी ते चाक उघड.