तारेची दोन टोके
वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी अ‍ॅलन कॉक्स यांनी वर्दळीच्या जाळ्यावर लिनक्स चालवून पाहिला. तेव्हा त्यातील अनेक चुका उघड्या पडल्या. त्या ते चिकाटीने दुरुस्त करत गेले.

घरच्या लिनक्स संगणकावरही कधी अशीच चिकाटी लागते. कार्ड १०० मेगाबिटचे, पण फाइल येते मुंगीच्या पावलांनी! नवे कार्ड आणण्याची घाई करू नका. आधी तारेची दोन्ही टोके पाहा. एका टोकाला ‘बोलणे-ऐकणे एकाच वेळी’ असे आपण हाताने ठरवून दिलेले असते; दुसरे आपोआप ठरवणारे असते. पहिल्याकडून काहीच न कळल्याने दुसरे वेग तेवढा ओळखते आणि आळीपाळीने बोलू लागते. मग निरोप वाटेत बिघडतात. ‘इथटूल’ या आज्ञेने कार्डाची स्थिती दिसते. दोन्ही टोके ‘आपोआप’वर ठेवली, की फाइल झरझर उतरते.